आंबेकट्टीच्या यादीतला पहिला मान

तम्मण्णा कोवाडकरांना या सगळ्या उठाठेवीतून मिळवायचं होतं ते एवढंच, की बसलेल्या माणसांपुढं वीस मिनिटं बोलायला मिळावं.

बसलेली माणसं ही काय मागून घ्यायची वस्तू आहे का, असं कुणी विचारील. त्यानं आधी आंबेकट्टीचं साहित्य संमेलन बघावं. बेळगावकडून उचगाव ओलांडून डाव्या हाताला वळलं की आंबेकट्टी. या पट्ट्यात ज्या गावाला स्वतःचं साहित्य संमेलन नाही त्या गावाकडं सोयरे जरा संशयानंच बघतात. त्यामुळं आंबेकट्टीतही दर जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी शाळेच्या पटांगणात मांडव पडतो. आधी ग्रंथदिंडी, मग प्रास्ताविक, मग पाहुण्या अध्यक्षांचं भाषण, मग आभार आणि मग जेवण. गोम शेवटच्या दोहोंत आहे. जेवण आभारानंतर, पण जेवणाचा वास आभाराच्या आधी. आणि आभार मानायचे ते गेली अकरा वर्षं तम्मण्णांनी. त्यांनी माइक धरून ‘सर्वप्रथम’ म्हणायचं आणि समोरचा मांडव उठायचा. गेल्या वर्षी आभार संपले तेव्हा समोर चौदा माणसं होती. त्यांतली नऊ मांडववाल्याची, खुर्च्या घड्या घालायला थांबलेली.

हा आकडा अंदाजाचा नव्हे. तम्मण्णा बेळगाव कॅम्पातल्या लष्करी डेपोत चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. बोल्ट, घोंगड्या, कंदील, जे समोर येईल ते मोजायचं आणि वहीतल्या आकड्याशी ताडायचं, हा त्यांचा धंदा. निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयाचे सेक्रेटरी झाले, पण मोजायची खोड गेली नाही. प्रास्ताविकाच्या वेळी मांडवात किती माणसं बसतात हेही त्यांनी दर वर्षी मोजलं होतं. तीनशेच्या खाली कधीच नाही. पण प्रास्ताविक करायचे ते संमेलन समितीचे अध्यक्ष मारुतीराव चौगुले. त्यांच्या आधी त्यांचे वडील करायचे.

“बसलेली माणसं पायजेत तर मी बसलीया की,” असं त्यांच्या पत्नी इंदुताई तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या. तम्मण्णा तो आकडा धरत नसत.

यंदा दिवाळीनंतर मारुतीराव बेळगावात एका लग्नाला गेले आणि तिथून विकी ऐकून आले. विकीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या ज्ञानकोशावर, कुणीही लिहू शकतं आणि कुणीही दुरुस्त करू शकतं, असं त्यांना कुणी तरी सांगितलं होतं. त्यातलं पहिलं अर्धं त्यांना समजलं. बाकीची गावं अजून स्मरणिका छापत बसलीत, आपण गावाचा विकी काढायचा, त्यात प्रत्येक घराण्यावर, देवळावर, तालमीवर, विहिरीवर लेख, आणि सगळ्या लेखांची यादी संमेलनात पडद्यावर, असं त्यांनी समितीला सांगून टाकलं. करणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी वाचनालयाच्या सेक्रेटरीकडं बघितलं.

तम्मण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा मागणी घातली. काम करतो, पण यंदा प्रास्ताविक माझं.

मारुतीरावांनी सुपारी गालात सारली. मग म्हणाले, “करा. पर यादी पुरी झाली पायजे, आन् एकाचीबी तक्रार यायला नको.”

तम्मण्णांना पहिली अट अवघड वाटली आणि दुसरी सोपी. हिशेबातली पहिली चूक ती.

विकी उभा केला दिपालीनं. ही तम्मण्णांच्या बहिणीची मुलगी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत संगणक सांभाळते. दर पाळीला किती नग ओतले, किती फुटले याचा तक्ता ती स्वतः लिहीत नाही, स्क्रिप्टकडून करून घेते. स्क्रिप्ट म्हणजे काय, हे तिनं मामाला एका वाक्यात सांगितलं होतं: कामाची चिठ्ठी एकदा लिहून ठेवायची, यंत्र ती रोज वाचतं आणि तेवढंच काम करतं, जास्त नाही, कमी नाही, आणि चहाला जात नाही. तम्मण्णांना आपल्या डेपोतले तीन मदतनीस आठवले आणि जरा वाईट वाटलं.

पण सुरुवातीला त्यांनी स्क्रिप्ट मागितली नाही. यादी हातानंच करायची, असा त्यांचा बाणा. लेख आला की यादीत नाव टाकायचं. पहिल्या आठवड्यात तीस लेख आले. दुसऱ्यात कुणी लेखाचं नाव बदललं, कुणी एकाचे दोन केले, आणि यादीतली नावं भलतीकडंच उघडायला लागली. त्यातच महिला भजनी मंडळ यादीतून राहून गेलं. मंडळाच्या प्रमुख अक्काताई वाचनालयात आल्या, बाकावर बसल्या आणि अर्धा तास एक शब्द बोलल्या नाहीत. त्या भांडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या गेल्या आणि तम्मण्णांनी दिपालीला फोन लावला.

तिनं स्क्रिप्ट लिहिली. रोज सकाळी सहाला ती विकीवरचे सगळे लेख पालथे घालायची, प्रत्येकाचं नाव, लांबी आणि शेवटचा बदल कधी झाला ते टिपायची, आणि यादीचं पान नवं करून ठेवायची. कोण राहिलं, कोण दोनदा आलं, ही भानगडच संपली. आता सगळी नावं कुठल्या तरी क्रमानं लावायला हवीत, म्हणून दिपालीनं फौंड्रीतल्यासारखा क्रम लावला. शेवटची ओत सगळ्यात वर. म्हणजे ज्या लेखात सगळ्यात ताजा बदल, तो पहिला. तिनं यावर चहाच्या एका घोटाएवढाही विचार केला नव्हता. ती बेळगावात राहते. गावात वाढली असती तर केला असता.

कारण आंबेकट्टीत नुसती यादी अशी चीजच नसते. लग्नपत्रिकेतले ‘आपले विनीत’ असोत, यात्रेत गुरवानं गाऱ्हाण्यात घ्यायची नावं असोत, की सोसायटीच्या फळ्यावर लावलेली खताची नोंद असो, जो वर तो मानाचा, आणि दुसऱ्या नंबरच्याला पहिल्यापेक्षा जास्त पोटदुखी. वाचनालयातल्या टीव्हीवर यादी झळकली, पहिल्या दिवशी वर ‘चौगुले घराणे’ होतं. आदल्या संध्याकाळी मारुतीरावांनी आपल्या पणजोबांच्या नावामागं ‘थोर’ घातलं होतं, त्याचा हा परिणाम. पण गावानं ते रीतसर धरलं. दुसऱ्या दिवशी वर आली भरमू पैलवानाची तालीम.

मारुतीराव वाचनालयात आले. टीव्हीकडं बघितलं, तम्मण्णांकडं बघितलं, आणि शांतपणे विचारलं, की असा कुठला निर्णय समितीच्या कुठल्या बैठकीत झाला. तम्मण्णांनी यंत्राचा क्रम समजावून सांगितला. मारुतीराव म्हणाले, यंत्र गावात कधी आलं? आम्ही सहा पिढ्या झाल्या.

भरमूनं काय केलं होतं तर आपला एक फोटो बदलला होता. पण हे गावाला कळलं, आणि लेखाला हात लावला की मान मिळतो ही गोष्ट देवळाच्या कट्ट्यावरून दुपारपर्यंत वेशीपर्यंत पोचली. मग काय विचारता. कुणी पूर्णविराम घालायचा, दुसऱ्या दिवशी काढायचा. भरमू सकाळी जोर मारायच्या आधी, सहाला पाच कमी असताना, आपल्या वस्तादांचं ‘वस्ताद’ काढायचा आणि परत घालायचा. अक्काताईंच्या मंडळात पाळ्या लागल्या, आज कुणी स्वल्पविराम टाकायचा म्हणून. तम्मण्णांनी मोजलं: सत्तर लेखांपैकी एकसष्ट लेखांत रोज बदल होत होता, आणि गावाच्या ज्ञानात तांदळाच्या दाण्याएवढीही भर पडत नव्हती.

तक्रारी मात्र भरपूर पडत होत्या. तम्मण्णांनी दिपालीला सांगून क्रम बदलून घेतला. आता यादी अकारविल्हे. वर आले अष्टेकर. अष्टेकरांच्या दारात सांगण्यासारखी एक म्हैस आहे, दुसरं काही नाही, असं मारुतीराव भर चौकात म्हणाले. दोन दिवसांत लेखांनी बारसं करून घेतलं. ‘अग्रगण्य चौगुले घराणे’, ‘अजिंक्य तालीम’, ‘अखंड भजनी मंडळ’. विहिरीलासुद्धा कुणी तरी ‘अथांग’ करून टाकलं. तिला उन्हाळ्यात गुडघाभर पाणी असतं.

मग लांबीवर क्रम लावला. ज्याचा लेख मोठा तो वर. हा तर आगीत रॉकेल. मारुतीरावांनी घराण्यातल्या पाच लग्नपत्रिका अथपासून इतिपर्यंत उतरवल्या, त्यात ‘आहेर आणू नयेत’ हेही आलं. भरमूनं तालमीत एक जरी बैठक मारलेल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं. त्यात दोन नावं तालमीत चोरी करायला शिरलेल्यांची होती, ती तम्मण्णांनी ओळखली पण काढली नाहीत.

संमेलन आठ दिवसांवर आलं तेव्हा मारुतीरावांनी तम्मण्णांना घरी बोलावलं, चहा पाजला आणि गोड आवाजात म्हणाले, “तम्मण्णा, तक्रार नको म्हणालतो मी. निम्मं गाव माझ्या दारात येऊन बसलंय. यंदाबी आभारच माना तुम्ही. तुमचा आवाज त्याला शोभतोय.”

तम्मण्णांनी चहा अर्धा ठेवला. घरी येताना त्यांनी पाठ केलेलं भाषण मनात एकदा म्हणून बघितलं. एकवीस मिनिटं. ते आभाराच्या वेळी म्हणायचं म्हटलं तर मांडववाल्याच्या नऊ माणसांना मराठी भाषेचं भवितव्य ऐकवावं लागणार होतं.

“मामा, लई डोकं पिकवू नका,” दिपाली फोनवर म्हणाली. “क्रम पहिलाच राहू दे, ताजा बदल वर. फक्त सकाळी सहाला नको. मी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी लावते. कुणीच वर टिकणार नाही, आणि कुणीच खाली राहणार नाही.”

तम्मण्णांच्या डोक्यात उजेड पडला. ही तर पाळी! गावच्या लक्ष्मीची पूजा सात भाऊबंदांत पाळीनं फिरते. पाळी आली की मान आपला, संपली की पुढच्याचा, आणि पाळीवरून आंबेकट्टीत आजवर कुणी डोकं फोडलेलं नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बैठक लावली आणि ‘पाच मिनिटांची पाळी’ असं नाव देऊन ती गोष्ट मांडली. स्क्रिप्ट म्हटल्यावर जे कपाळाला आठ्या घालत होते, ते पाळी म्हटल्यावर मान डोलवायला लागले. भरमूनं एकच शंका काढली, की संमेलनात पडदा उघडताना वर कोण असेल. तम्मण्णा म्हणाले, ज्याची त्या क्षणी पाळी असेल तो, मी कोण सांगणार. हे उत्तर देवळातल्या कौलासारखं होतं, त्यामुळं ते सगळ्यांना पटलं. प्रत्येकानं मनातल्या मनात ठरवलं की ती पाळी आपली.

मारुतीरावांनी नाइलाजानं प्रास्ताविक सोडलं. जाता जाता दिपालीला मात्र काम लावलं: संमेलनाचा ताजा वृत्तांत व्यासपीठाशेजारी बसून विकीवर टाकायचा, जे बोललं जाईल ते शब्दाला शब्द. गावाचं नाव झालं पाहिजे.

संमेलनाच्या दिवशी तम्मण्णांनी खुर्च्या आधी मोजल्या. तीनशे ऐंशी. ग्रंथदिंडी आली, दीपप्रज्वलन झालं, आणि व्यासपीठावरच्या पांढऱ्या पडद्यावर यादी उघडली. वर कोण होतं ते कुणालाच नीट बघता आलं नाही, कारण तेवढ्यात पाच मिनिटं भरली आणि ती बदलली. मांडवात एक हुंकार उठला. तम्मण्णा माइकपाशी आले. तीनशे ऐंशी खुर्च्या भरलेल्या. पाहुणे अध्यक्ष गडहिंग्लजकडचे एक निवृत्त प्राध्यापक, हातात भाषणाचं जाड बाड घेऊन गंभीर बसलेले. तम्मण्णा बोलायला लागले.

एक माणूस उठला नाही. चार मिनिटं झाली तरी एक खुर्ची हलली नाही. तम्मण्णांच्या आवाजाला धार आली, हात आपोआप वर गेला. अकरा वर्षांचं उट्टं निघत होतं. मग एका अवघड वाक्यावर ते श्वास घ्यायला थांबले आणि त्यांनी सवयीनं मोजलं. चेहरे मोजायला गेले तर एकही सापडेना. समोर तीनशे ऐंशी टाळू होत्या. टक्कल पडलेल्या, गजरा माळलेल्या, फेट्यातल्या, सगळ्या खाली वाकलेल्या. प्रत्येकाच्या मांडीवर मोबाईल, आणि प्रत्येकाचा अंगठा आपापल्या लेखात एक पूर्णविराम घालत होता आणि काढत होता. त्यांच्या मागच्या पडद्यावर दर पाच मिनिटांनी पाळी फिरत होती.

त्यांना आधी खरं वाटेना. म्हणून पारख करायला ते माइकवर स्पष्ट म्हणाले, “आपले आजचे सन्माननीय अध्यक्ष पहाटे गुंजी स्टेशनावरून उंटावर बसून इथवर आले, ही आनंदाची गोष्ट आहे.”

मांडवात हालचाल नाही. फक्त अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

इथं दुसरा कुणी असता तर रडला असता किंवा खाली बसला असता. पण तम्मण्णा स्टोअरकीपर. वहीत आहे आणि फळीवर नाही, अशी वस्तू दिसली की चौतीस वर्षं ते तिच्यापुढं लाल शाईनं खूण करत आले होते. आणि गेले दोन महिने त्यांनी सत्तर लेख दातावर दात ठेवून तपासले होते. कुणी ऐकतच नाही म्हटल्यावर त्यांनी कागद खिशात घातला आणि अगदी भाषणाच्याच सुरात साठा मोजायला घेतला.

“चौगुल्यांच्या दारात कदंबकालीन शिलालेख आहे, असं विकीवर लिहिलंय. तो रस्त्याकडचा मैलाचा दगड आहे. मारुतीरावांच्या आजोबांनी धुणं धुवायला उलटा करून आणला. खालच्या अंगाला अजून ‘बेळगाव सात’ आहे. आमची आई त्याच्यावर धुणं धूत होती, तिनं सांगितलं होतं.”

मारुतीराव व्यासपीठावर त्यांच्या शेजारीच बसले होते. अंगठा मोबाईलवर होता. त्यांनी ‘थोर’च्या जागी ‘थोरथोर’ केलं.

तम्मण्णांची भीड चेपली. तालमीनं मिरजेच्या ज्या नामी मल्लाला दोन मिनिटांत चीत केलं, तो मल्ल त्या दिवशी आलाच नव्हता, वाटेत गाडीचा आरा मोडला म्हणून परत गेला, आणि आपल्या पैलवानानं रिकाम्या हौद्यात शड्डू ठोकून नारळ घेतला, हे त्यांनी सांगितलं. भजनी मंडळाचं गुरुवारचं भजन तीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही असं लिहिलंय, पण टीव्हीवरच्या एका मालिकेतलं लग्न तीन गुरुवार चाललं तेव्हा देवळाला कुलूप होतं, हेही सांगितलं. अष्टेकरांची म्हैस त्यांची नसून मेहुण्याची आहे. अशी आणखी वीसेक घरं मोजून झाली. आणि साठा मोजताना स्वतःची फळी सोडायची नसते, म्हणून शेवटी म्हणाले, की वाचनालयात चार हजार दोनशे ग्रंथ आहेत असं जे मी लिहिलंय, त्यांतले तीन हजार म्हणजे कुक्कुटपालनाची एकच कन्नड पुस्तिका आहे. सरकारी गाडी चुकून उतरवून गेली आणि मी सही करून घेतली, कारण आकडा चांगला दिसत होता.

बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. व्यासपीठाच्या कडेला दिपाली टेबलाशी बसून टाईप करत होती, खाली मान घालून, खांदे हलत होते. तिला सर्दी झाली असावी असं त्यांना वाटलं. त्यांनी खिशातला कागद परत काढला आणि राहिलेल्या भाषणाकडं वळले.

आता विकीचं काय होतं बघा. दिपाली ऐकेल ते शब्दाला शब्द ‘संमेलनाचे प्रास्ताविक’ नावाच्या लेखात घालत होती. मारुतीरावांनीच सांगितलं होतं. दर परिच्छेदाला ताजा बदल. आणि स्क्रिप्टला काय, ताजा बदल दिसला की तो वर. पाच मिनिटं भरली, पाळी फिरली, आणि तीनशे ऐंशी मोबाईलांवर, सगळ्या घराण्यांच्या, तालमीच्या, भजनाच्या डोक्यावर एक भलताच लेख येऊन बसला. हा कोण वर आला, म्हणून गावानं तो उघडला.

तम्मण्णा तोवर आपल्या आवडत्या वाक्यापाशी आले होते. दोन्ही हात पसरून ते म्हणाले, “बंधुभगिनींनो, मराठी ही आपली मायबोली आहे.”

“साफ खोटं हाय!” भरमू पैलवान खुर्ची मागं सारून उभा राहिला.

अध्यक्षांच्या हातातलं बाड खाली पडलं. साठ वर्षं सीमाभागात व्याख्यानं देत होते, पण हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

“आरा मोडला न्हवता,” भरमू ओरडत होता, “बैल बसलता त्याचा! पर तो आलता! वेशीपतुर आलता!”

मग टाळू एकेक करून वर यायला लागल्या आणि त्यांचे चेहरे झाले. तम्मण्णा भाषेच्या संवर्धनाबद्दल बोलत होते तेव्हा लोक म्हशीला हसले. ते तरुण पिढीला आवाहन करत होते तेव्हा पाचव्या रांगेतून कुणी तरी विचारलं, की बेळगाव सात म्हणजे मैल का किलोमीटर. मारुतीरावांनी लेख सगळ्यात शेवटी वाचला, कारण ते अजून ‘थोर’ वाढवत होते. वाचून झाल्यावर ते तम्मण्णांच्या कानाशी वाकले.

“हे कवा बोललासा तुम्ही?”

“तुमच्या शेजारीच हुबा राहून बोललो की. सात मिनिटं झाली.”

“मग मला सांगायचं न्हाई व्हय?”

तम्मण्णा माइककडं वळले. माइकसमोर तीनशे ऐंशी चेहरे बसले होते, सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर, कुणी हसतंय, कुणी दात खातंय, पण एकूण एक ऐकतंय. त्यांनी भाषणाची शेवटची तीन मिनिटं पूर्ण केली. कागदावर होतं तेवढं, जास्त नाही, कमी नाही. मग बसले.

पुढचं काम गावानं केलं. विकीवर कुणीही दुरुस्त करू शकतं, हे दुसरं अर्धं आता सगळ्यांना समजलं. अध्यक्ष बाड गोळा करून बोलायला उभे राहीपर्यंत प्रास्ताविकाच्या लेखाला उंदीर लागले. मारुतीरावांनी दगडाचं वाक्य काढलं. भरमूनं मल्लाचं. अष्टेकरांनी म्हशीचं, बाकीच्यांनी आपापलं. दर पाच मिनिटांनी तो लेख परत वर, कारण दर पाच मिनिटांनी त्याला कुणी तरी हात लावत होतं. संध्याकाळपर्यंत त्यात अठ्ठावन्न वाक्यांपैकी नमस्कार धरून एकोणतीस उरली.

पण विकी काहीच टाकून देत नाही. कुठलं वाक्य, कितीला, कुणी खोडलं, याची नोंद तो स्वतःच ठेवतो. सोमवारी सकाळी दिपालीनं मामासाठी स्क्रिप्टकडून तीही यादी करून घेतली. तम्मण्णांनी चष्मा लावून ती वरून खाली वाचली. ज्यानं त्यानं आपापलंच वाक्य खोडलं होतं, दुसऱ्याचं एकानंही नाही. आणि खोडणाऱ्याचं नाव शेजारी. संमेलनाला जे आले नव्हते त्यांनाही आता कुठला आरोप कुणाला लागला ते शोधावं लागलं नाही.

“तुमचं काय?” इंदुताईंनी विचारलं. “ते कोंबड्यांचं?”

“ते हाय तसंच हाय.”

“का? खोडायचं की. कोण इचारतंय.”

“मीच लिहायचं आन् मीच खोडायचं, तर साठा कशाला मोजला मग.” असं म्हणून ते वाचनालयात गेले.

आता हिशेब. मारुतीरावांचा शिलालेख गेला. मंगळवारी चार जणांनी तो उलटा केला, बेळगाव सातच निघालं, आणि आता त्यावर परत धुणं होतं. पुढल्या वर्षापासून संमेलनात प्रास्ताविकच ठेवायचं नाही असा ठराव त्यांनी केला, म्हणजे घराण्याकडून तेही गेलं. भरमूनं निम्मंच भरलं: मल्ल वेशीपर्यंत आला होता, एवढं लेखात राहिलं. अष्टेकरांच्या मेहुण्यानं येऊन म्हैस नेली. अक्काताईंनी काही खोडलं नाही, त्या वाक्याखाली ‘चार गुरुवार’ अशी दुरुस्ती केली आणि मोकळ्या झाल्या. दिपालीला काहीच पडलं नाही, स्क्रिप्टला तर नाहीच. तम्मण्णांना एकवीस मिनिटं मिळाली, त्यांतली बसून ऐकलेली तीन. त्यापोटी त्यांनी वाचनालयाच्या दारावरची पाटी उतरवली, ‘ग्रंथसंख्या ४२००’ खरवडली आणि भर चौकात उभं राहून स्वतःच्या हातानं १२०० लिहिलं.